वॉरंटीतली गाडी

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे, हे तिचं काम. अकरा वर्षं तेच केल्यावर दिसेल तो आकडा वाचायची खोडच लागली होती तिला. नवरा दूर जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरी ती आणि सासरे. सासऱ्यांना ती मामंजी म्हणे. मामंजी तिची थट्टा करत, "जेवताना तरी घास मोजू नकोस गं."

खात्याने तिची हद्द वाढवली, पायी फिरणं होईना, तेव्हा तिने जुन्या गाड्यांच्या डीलरकडून एक मोटरसायकल घेतली. माणूस मोठा गोडबोल्या. सहा महिन्यांची वॉरंटी दिली आणि सीटखाली, इंजिनाजवळ कागदी सील चिकटवलं. "फक्त दुसऱ्या कुणाकडून गाडी उघडू नका, ताई. सील तुटलं की वॉरंटी संपली. काहीही झालं तरी माझ्याकडेच या."

तिसऱ्या आठवड्यात गाडी भर चौकात बंद पडली. आकडेबाईने ती ढकलत डीलरकडे नेली. पुढे काचेचं दुकान, मागे शटर लावलेलं गॅरेज. डीलरने पाणी दिलं, खुर्ची दिली, दुरुस्तीचं कार्ड भरून दिलं आणि म्हणाला, "तीन दिवस ठेवून जा."

चौथ्या दिवशी गाडी मिळाली, पण कार्ड त्याने परत मागून घेतलं. वॉरंटीच्या क्लेमला मूळ कागद लागतो म्हणाला. तिने किल्ली फिरवली आणि सवयीने किलोमीटर वाचले. देताना ४१,३०६ होते. आता ४१,४९२.

"एकशे शहाऐंशी किलोमीटर?"

"ट्रायल घ्यावी लागते हो," डीलर हसला. "नीट चालली नाही तर तुम्हीच माझ्या नावाने बोंब माराल."

तिला ते पटलं. निदान तिने पटवून घेतलं. पण बरोबर तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी चार दिवस लागले आणि काटा दोनशे बारा किलोमीटर पुढे गेला होता. आरसा कुणा उंच माणसासाठी वर फिरवलेला होता. मडगार्डच्या आत तांबडी माती चिकटली होती. तिच्या हद्दीतल्या सगळ्या गल्ल्या तिच्या पायाखालच्या; तशी माती तिने कुठेच पाहिली नव्हती.

त्या दिवशी गाडी बाहेर काढून दिली ती गॅरेजच्या मेकॅनिकने. किडकिडीत माणूस, कधी मान वर करून बोलत नसे. डीलर फोनवर होता. मेकॅनिक चाक पुसायला खाली वाकला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी दुसरीकडे दाखवा."

"का? वॉरंटी जाईल ना."

"जाऊ द्या," तो म्हणाला. तेवढ्यात डीलर बाहेर आला, तशी त्याने मान आणखी खाली घातली.

घरी तिने मामंजींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "माझं लग्न झालं तेव्हा मला सायकल मिळाली होती. तीसुद्धा मी कुणाला देत नव्हतो." पण हसले मात्र नाहीत.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा तिच्याच्याने दुसरीकडे जाववेना. अजून साडेतीन महिन्यांची वॉरंटी उरली होती, आणि हक्काची दुरुस्ती का सोडायची? मात्र या वेळी तिने खात्याचं रीडिंगचं यंत्र बाहेर काढलं. त्यावर मीटरचा फोटो घेतला की तारीख आणि वेळ आपोआप उमटे. दुकानाच्या दारातच तिने गाडीच्या काट्याचा फोटो घेतला. मागे काउंटरवर डीलर उभा होता.

"माझाही फोटो काढताय का, ताई?" तो म्हणाला. तोंड हसत होतं, डोळे हसत नव्हते.

"सवय आहे," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी गाडी घेताना तिने पुन्हा फोटो घेतला. डावा इंडिकेटर नवाकोरा होता, फूटरेस्ट वाकलेला. डीलरने काही विचारू दिलं नाही. "खास तुमच्यासाठी नवा बसवलाय," म्हणाला, आणि आत निघून गेला. मेकॅनिक कुठे दिसला नाही.

दोन दिवसांनी, सकाळी ती डबा भरत असताना दारावर पोलीस आले. तिच्या नंबरच्या मोटरसायकलने गुरुवारी दुपारी शहराबाहेरच्या दगडखाणीजवळ एका पहारेकऱ्याला उडवलं होतं. तो अजून शुद्धीवर नव्हता.

आकडेबाईच्या हातातला डबा तसाच राहिला. "गाडी त्या दिवशी दुरुस्तीला होती," ती म्हणाली.

"कागद?"

कागद नव्हता. तिन्ही वेळचे कागद डीलरकडे होते. पोलिसांनी तिच्यासमोरच त्याला फोन लावला. स्पीकरवर तोच गोड आवाज आला, "गेल्या आठवड्यात? नाही हो साहेब. त्या ताई महिनाभर इकडे फिरकल्याच नाहीत."

 मामंजी उठले, तिच्या पिशवीतून यंत्र काढलं आणि पोलिसांपुढे धरलं. "आमच्या सूनबाईला फोटो काढायची खोड आहे. बघा."

सोमवारचा फोटो: काटा, तारीख, वेळ आणि मागे डीलर. शनिवारचा फोटो: तेच दुकान, दोनशे तीस किलोमीटर जास्त. मधल्या गुरुवारी भरदुपारी तिने पायी फिरून घेतलेले चौसष्ट मीटर, एकेक गल्ली ओळीने. पोलिसाने ते दोनदा पाहिले आणि टोपी टेबलावर ठेवून खुर्चीत बसला.

मग सगळं बाहेर आलं. पोलिसांच्या माणसाने सील तोडलं. सीटखाली इग्निशनची वायर आतून कापून एका बारीक तारेवर जोडली होती आणि वर नवी टेप गुंडाळली होती. गाडीच्या हादऱ्यांनी ती तार तीनेक आठवड्यांत तुटे. म्हणजे गाडी बिघडत नव्हती, बिघडवली जात होती, आणि वॉरंटी होती ती गाडी परत यावी म्हणून. खाणीतली स्फोटकं चोरून बाहेर न्यायला डीलरला अशाच गाड्या लागत. मालक सरळमार्गी असला की नंबरावर कुणाला संशय येत नाही. अशा आणखी चार गाड्या निघाल्या. त्यांच्या मालकांनी काटा कधी वाचलाच नव्हता.

पहारेकरी वाचला, पण त्याला माणसं ओळखू येत नाहीत. मेकॅनिकचा पत्ता लागला नाही. डीलरने सगळं त्याच्याच माथी मारलं आणि दीड महिन्यात जामिनावर सुटला. दुकानावर नवी पाटी लागली.

आणि ते दुकान आकडेबाईच्या वाढलेल्या हद्दीत होतं. तिने हद्द बदलून मागितली. साहेब म्हणाले, "वर्षअखेरीला बघू."

त्या महिन्यात ती गेली. मीटर गॅरेजच्या आत, भिंतीच्या कोपऱ्यात होता. ती वाकून आकडा वाचत असताना मागे शटर अर्ध्यावर आलं आणि उजेड कमी झाला. डीलर हात मागे बांधून उभा होता.

"काय आकडा आला, ताई?"

तिने सांगितला. 

"छान. मामंजी बरे आहेत ना? संध्याकाळी गॅलरीत एकटेच बसलेले असतात. तुम्हाला यायला उशीर होतो, नाही?"

तिने फोटो घेतला, शटरखालून वाकून बाहेर आली आणि थेट पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या माणसाने सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाची चौकशी करणं हा काही गुन्हा होत नाही, बाई."

घरी येऊन तिने मामंजींची खुर्ची गॅलरीतून आत ओढली. त्यांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि खुर्ची उचलून परत बाहेर नेऊन ठेवली. "तो कोण मला आत बसवणार?" ते म्हणाले. पण बसण्याआधी त्यांनी दोनदा खाली रस्त्यावर पाहिलं.

आता संध्याकाळी ती लवकर येते आणि त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसते. दोघं जहाजावरून आलेल्या फोनबद्दल, भाजीबद्दल, कशाहीबद्दल बोलत असतात. खालून एखादी मोटरसायकल हळू होत गेली, की बोलणं थांबतं. ती पुढे निघून जाईपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत.