पायाची नखं

आबासाहेबांनी पाय उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवला. ओसरीवर बीडहून आलेले पाहुणे चहा पीत होते. आबासाहेब आणि ते सोफ्यावर, मी खाली फरशीवर. दाढी उरकून मी वस्तरा पुसत होतो.

"नखं कोण, तुझा बाप काढणार का बे?"

पाहुणे हसले. बाप खरंच शेजारी उभा होता. आम्ही गावचे न्हावी, आबासाहेब गावचे पुढारी. सुगीला ज्वारी घ्यायची आणि बोलावलं की जायचं, ही जुनी रीत. बाप लगेच खाली वाकला. म्हणाला, "सरक, मी काढतो."

त्याचं ते वाकणं बघून माझं डोकं फिरलं. मी तो पाय उचलला, फरशीवर ठेवला आणि उभा राहिलो.

"नखं न्हाई काढणार."

"गावात ऱ्हायचंय का?"

"न्हाई."

ठरवून नाही बोललो. तोंडातून गेलं. बाप रस्ताभर रडत मला शिव्या देत होता.

मग गाव सोडलं आणि बीडला धंदा कसा काढायचा ते शिकवणाऱ्या शिबिराला गेलो. कोटातल्या सरांनी सांगितलं, श्रीमंत देशांत लोक संधी दिसली की धंदा काढतात, आपल्याकडे पोटासाठी. तुमचं काय? मी म्हणालो, "सर, पोट तर गावातबी भरत हुतं." ते पुढच्याकडे वळले. मला फक्त गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची हवी होती आणि तिच्यामागे ताठ उभं राहायचं होतं.

पाटोद्यात स्टँडमागे दुकान टाकलं. काल तिथं आबासाहेबांचा ड्रायव्हर आला.

"नातवाचं जावळ हाय. घरी बोलावलंय."

तेवढ्यात बापाचा फोन. "जा रं बाबा. मला हितंच ऱ्हायचंय."

बाप अजून त्यांच्याच गावात. बाकावरची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली.

"आण्णा, कपडे भर. आजच हिकडं ये," बापाला म्हणालो आणि फोन ठेवला. मग ड्रायव्हरला सांगितलं, "लेकराला दुकानात आणा. आधी ही बाकावरली माणसं."

"आबासाहेब बाकावर बसतेल व्हय?"

"काम आसंल तर बसतेल."

आता आबासाहेब माझं दुकान उठवायला बघतील. उठवतीलही. मग धारूरला टाकीन, तिथूनही उठवलं तर वडवणीला. पण माझ्याकडून केस कापून घ्यायचे तर माझ्या दुकानाची पायरी चढावीच लागेल.