मासुयोचा दोर

मासुयो दोर ओढायच्या कामाला लागली ती त्या दिवशी सकाळीच. युद्धावर गेलेला नवरा परतला नव्हता, घरी लहान लेक होती, आणि ओसाकाच्या कालव्याकाठी, जळून गेलेल्या वस्तीत नवी इमारत उठत होती. पायाची जमीन ठोकायला बाया हव्या होत्या. उंच तिवईच्या कप्पीवरून लोखंडी धुमस टांगलेला. बायांनी गोल उभं राहून दोर ओढायचे आणि एकदम सोडायचे. ओढ-सोड एकाच क्षणी व्हावी म्हणून शिगेनोमावशी गाणं सांगायची आणि बाकीच्या तिच्यामागून हेल काढायच्या.

दुपारी मुकादम गोंदा मासुयोपाशी आला.

"बाई, तू दोर ओढतेस की दोराला लटकतेस? उद्यापासून येऊ नकोस."

मासुयो जेवायला बसली. अर्धं रताळं तिने लेकीसाठी फडक्यात बांधून ठेवलं.

"हाडं आणलीस, मांस घरीच विसरलीस होय गं?" शेजारची किनुए म्हणाली, आणि आपल्या डब्यातली मुळ्याच्या लोणच्याची फोड तिच्यापुढे सरकवली.

दुपारनंतर मावशीचा घसा बसला. गाणं थांबलं तशी कुणी दोर आधी सोडी, कुणी मागून. धुमस तिरका पडू लागला. शिट्ट्या फुंकून गोंदा दमला. उद्या यायचंच नाही, मग भ्यायचं कशाला? मासुयोने माहेरच्या भातलावणीच्या चालीवर आवाज लावला:

"मुकादम इथं गरजतो, वाघासारखा फिरतो,
घरी बायको खाकरली की फडताळात शिरतो!"

बाया हसत हसत ओढू लागल्या आणि धुमस सरळ बसला. बघ्यांची टर उडवणं ही तर या कामातली रीतच. कुंपणापाशी एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. मासुयोने त्यांना गाठलं:

"टोपीवाले दादा, टोपी काढा बरं,
आभाळ आलंय भरून, उजेड पडेल खरं!"

या वेळी कुणी हसलं नाही.

"अगं, ते ठेकेदार आहेत," किनुए पुटपुटली.

ठेकेदारांनी सावकाश टोपी काढली. डोकं खरंच गुळगुळीत होतं.

"पडला का उजेड?" त्यांनी विचारलं.

गोंदा धावत आला. "साहेब, ही नवी आहे. उद्या नसेल."

"का बुवा? गाणं झोंबलं? मलाही झोंबलंय, तुझ्या फडताळात जरा जागा दे."

मग मात्र बायांना हसू आवरेना. दोन-तीन तर खालीच बसल्या. ठेकेदारांनी धुमसाकडे बोट केलं. "सरळ पडतोय. उद्याही हीच सांगू दे गाणं."

"पण दोरही धरायचा हं हिने," किनुएने बजावलं. "नुसत्या गळ्यावर जमायचं नाही."

"धरीन की," मासुयो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा शिगेनोमावशी आधीच गाणं सांगणारीची जागा सोडून, इतर बायांमध्ये दोर धरून उभी होती.

"मावशी, घसा कसा आहे?"

"बसलाय अजून," मावशी म्हणाली, कालव्यापलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. "चल, सांग गाणं. आणि गोंदाच्या बायकोला आज जरा मोठ्याने खाकरू दे."