मामाच्या कॉलेजचा मान

समस्त बोरगाव मेघेवासीयांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या मुलीचं शिक्षण तिच्या जन्मदात्याने एका क्लिकमध्ये मार्गी लावलं. जन्मदाता म्हणजे अस्मादिक! (हसू नका. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नव्हतं.)

डॉक्टरकी की कॉम्प्युटर, हा वाद आमच्याकडे समीक्षाच्या दहावीपासून पेटलेला. बायकोला डॉक्टरीण हवी, मला कॉम्प्युटरवाली. पोरीनं दोघांनाही गप्प केलं. सेलूच्या आत्याचा छातीचा एक्स-रे दूरच्या डॉक्टरकडे गेला आणि रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. तोवर न्यूमोनिया वाढला. आत्या वाचली, पण अजून चार पायऱ्या चढली की धापा टाकते. "कॉम्प्युटरनं त्याच दिवशी एक्स-रे वाचला असता तं?" एवढंच समीक्षा म्हणाली, आणि डॉक्टरकी-कॉम्प्युटरची गाठ घालणारं बायोमेडिकल इंजिनिअरिंग शोधून बसली. नागपूरच्या एका कॉलेजात होतं. मार्कही पुरत होते!

तिनं कॉलेजांचा पसंतीक्रम भरला. आत्याला तपासणीला न्यायचं होतं, म्हणून सेलूला निघताना म्हणाली,

"बाबा, सगळं भरलं आहे. ओटीपी तुमच्या मोबाईलवर येईन. तेवढा टाकून कन्फर्म करजा. दुसरं कायलेच हात लावू नका!"

"अवं, पंचवीस वर्षांपासून पंचायत समितीत लोकायचे फॉर्म तपासून राह्यलो मी!"

"म्हणूनच सांगून राह्यली."

मी फॉर्म उघडला. पाहतो तर काय, यादीत साळ्याचं कॉलेजच नाही! गजूभाऊ, म्हणजे बायकोचा भाऊ, जाम गावाच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळतो. मामाला डावलून भाचीचं कोणतं कार्य झालंय आजवर? लग्नाची पहिली पत्रिका आपण देवापुढे ठेवतो. देव काही जेवायला येत नाही, पण मान राहतो. तसंच मी मामाच्या कॉलेजातलं मेकॅनिकल मानानं एक नंबरवर ठेवलं, नागपूर दोनवर सरकवलं, कन्फर्म दाबलं आणि गजूभाऊला फोन केला.

"भाऊजी, आमचं कॉलेज पह्यलं?" तो गहिवरला. "डोये भरून आले ना!"

पहिल्या फेरीची यादी लागली. मेकॅनिकल! आणि नियम असा, की पहिल्या पसंतीचं मिळालं की तेच पक्कं. पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. मानापुरता बोलावलेला पाहुणा गादी-उशी घेऊन राहायलाच आला!

समीक्षा रडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे तोंड करून नुसती बसली. शेजारच्या काकू थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या (आपल्याकडे कोणी गेल्यावर आणतात, तसा).

"कसं झालं व हे अचानक?" त्यांनी हळूच विचारलं.

"फॉर्म भरता भरता," बायको म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात गजूभाऊ पेढे घेऊन हजर! दारातल्या चपलांचा ढीग पाहून त्यानं डबा शर्टात लपवला आणि मान खाली घालून पुरुषांत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक प्रवेशाच्या केंद्रावर गेलो.

"साहेब, ते एक नंबरचं कॉलेज आम्हाला नको आहे."

"मग एक नंबरवर काऊन टाकलं?"

"मानासाठी."

"कोणाच्या?"

"साळ्याच्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मागची रांग टाचा उंचावून मला पाहू लागली.

"हे पाहा," साहेब म्हणाले, "मेकॅनिकल करायचं नसेल तर सीट सोडा आणि पुढच्या वर्षी नव्यानं फॉर्म भरा. तिसरा रस्ता नाही."

"साहेब, पोरीचं वर्ष जाते हो!" माझा आवाज फाटला. हात जोडलेले, नाक गळतंय, आणि रुमाल घरी!

तेव्हा समीक्षा पुढे झाली. सीट सोडण्याच्या अर्जावर तिनं सही केली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सर, माह्यं जाऊ द्या. पण माह्या बाबाले ह्या वर्षी कुठंतरी ॲडमिशन द्या, नाईतर पुढच्या वर्षीचाही फॉर्म हेच भरतीन!"