पाळत ठेवणाऱ्या पद्मा अक्का

पद्मा अक्कांना माझ्यावर पाळत ठेवायला सांगितलं होतं.

त्या आज पहाटे गेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांपूर्वी मी डिप्रेशनमुळे लांब रजेवर होते. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचचं काम बघते. अक्का तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर. तेलुगू घरातल्या, भवानी पेठेतल्या, आवाज मोठा, यंत्रमागाच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यासारखा.

रजेवर जाताना घरच्यांनी ऑफिसात सांगितलं होतं, कावीळ झालीय.

परत आले तेव्हा सगळे विचारत होते, "कावीळ बरी झाली का?"

विचारताना हसत होते. निदान मला तरी तसं वाटत होतं.

माझी खुर्ची हलवली होती. आता ती साहेबांच्या काचेच्या केबिनसमोर होती. डिस्पॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एकदम गप्प झाला होता. दुसरा ग्रुप निघालाय हे मला शेजारी बसलेल्याच्या मोबाईलवर दिसलं. त्यात मी नव्हते.

आणि अक्का.

मी पाणी प्यायला उठले की अक्का उठायच्या. मी बाथरूमला गेले की दाराबाहेर चपलांचा आवाज. मी डबा घेऊन गच्चीवर गेले की मागोमाग त्या आपला डबा घेऊन हजर.

एकदा हळूच म्हणाल्या, "गोळी घेतलीस का?"

मी गोळ्यांचं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यांना कोणी सांगितलं? माझी पर्स उघडली का? नवऱ्याला फोन केला का?

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी सरळ विचारलं, "अक्का, तुम्हाला माझ्यामागं कोणी लावलंय?"

घास न थांबवता म्हणाल्या, "साहेबांनी."

मी डब्याचं झाकण लावलं.

"म्हणाले, डोक्याचं प्रकरण हाय, काही चुकलं की लगेच सांगा. चूक दाखवली की काढता येईल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"ठेवते की लक्ष, म्हटलं. पण तिनं विचारलं तर तिला खरं सांगणार."

"आणि गोळीचं?"

"तू सारखं पाणी पितेस. माझा भाऊ पण प्यायचा, असल्याच गोळ्यांनी तोंड सुकायचं त्याचं. करमाळ्याला असतो. आता बरा हाय, शाळेत पोरांवर ओरडतो लई."

एवढं ऐकूनही माझं मन म्हणालं, हीसुद्धा चाल असेल. गोड बोलून माझ्याकडून काढून घ्यायची.

मी ते बोललेसुद्धा.

त्या म्हणाल्या, "मग नको ठेवू विश्वास. शेंगाचटणी तरी घे."

मी घेतली. वास घेऊन मग खाल्ली. खरंच.

मग एक दिवस मालाची पाठवणी चुकली.

हैदराबादच्या पार्टीच्या टॉवेलच्या गाठी बेंगळुरूला गेल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बरं वाटत नसेल तर घरी बसावं माणसानं. धंदा का बुडवायचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

खरं सांगू? मलाही वाटलं, मीच केलं असणार. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त संशय माझ्यावरच होता. गोळीची गुंगी असेल, नाव उलटंपालटं टाकलं असेन. राजीनामा कसा लिहायचा याचे शब्दसुद्धा डोक्यात जुळायला लागले.

अक्का म्हणाल्या, "थांबा साहेब. गाडीवाल्याला विचारू की."

"त्याला काय विचारायचं?"

पण अक्कांनी फोन लावलेला होता. स्पीकरवर.

"का रे, बेंगळुरूच्या गाडीत हैदराबादच्या गाठी कशाला उचलल्यास?"

पलीकडून तो वैतागून म्हणाला, "साहेबांचाच फोन आलता की! दारातल्या गाठी उचल म्हणाले, गाडी थांबवू नको म्हणाले. मी काय मनानं उचलल्या का?"

अक्कांनी फोन बंद केला.

साहेब म्हणाले, "बरं, कामाला लागा."

एवढंच. माफी वगैरे काही नाही.

पण आठवडा संपायच्या आत अक्कांचं टेबल गोडाऊनला गेलं. पत्र्याखाली. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्रा, काय ते तुम्हाला माहीत आहे.

मी विचारलं, "माझ्यामुळं ना?"

"न्हाय गं. तितं पंखा चांगला हाय."

माझा विश्वास बसला नाही. जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघितलं. पंखा बंद होता. पाती कोळिष्टकांनी भरलेली. अक्का पदरानं वारा घेत बिलं तपासत होत्या.

मी तिथून निघाले ती थेट केबिनमध्ये. रजेवरून आल्यापासून साहेबांच्या डोळ्यांत बघून मी एक वाक्य बोलले नव्हते.

म्हटलं, "गोडाऊनला नवा पंखा बसवा. नाहीतर मीही तिथंच बसते आणि येणाऱ्या प्रत्येक पार्टीला सांगते, का बसलेय."

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बहुतेक गोळी घेतलीय की नाही याचा अंदाज घेत असावेत.

पंखा बसला.

मी नोकरीत टिकले. पुढे गोळ्याही कमी झाल्या. अक्का रिटायर होईपर्यंत आम्ही रोज एकत्र जेवलो. मग दर रविवारी फोन. "काय करतीस?" असं अजूनही पोलिसासारखं विचारायच्या.

आज सकाळी त्यांच्या घरी गेले. अंगणात माणसं बसलेली.

मी त्यांच्या सुनेला बाजूला घेतलं. विचारलं, काल काय जेवल्या? बीपीची गोळी दिली होती का? जवळ कोण होतं? डॉक्टर कधी आले?

ती बिचारी रडत रडत सांगत होती. "भाकरी खाल्ली. टीव्ही बघितला. झोपेतच गेल्या, ताई."

मी परत विचारलं.

तिनं परत तेच सांगितलं. मग माझा हात धरून मला आत नेलं.

अक्कांचा चेहरा शांत होता. कुणी लपवाछपवी करत नव्हतं.

मग मी खाली बसले.

सावकाश जावा, अक्का. तुमच्या वैशूचा नमस्कार.