पाण्यावरची सावली

आमच्या वरच्या मजल्यावरचे भाई रत्नागिरीकडचे. सौदीत खमीस मुशैत शहरात मोबाईलच्या दुकानात कामाला होते. थंडीत डोंगरातला ओढा आटून नितळ झाला की जुम्म्याच्या सुट्टीला आम्हा नवराबायकोला घेऊन मासे धरायला जात. खुबूस रोटीची गोळी गळाला लावून काठापासून लांब उकिडवे बसत. "पाणी कमी आहे. सावली पडली की मासे पळतात," असं दर वेळी सांगत. आमचे हे बोलायला लागले की भाई म्हणत, "शेठ, बाजार नंतर भरवा." मला तिथे बरं वाटे. कुणी मला बोलायला लावत नसे.

मोबाईलच्या दुकानांत आता फक्त सौदी माणसं ठेवणार, असं कानावर होतं. एका जुम्म्याला ओढ्यावरच भाईंना कफीलचा, त्यांच्या सौदी मालकाचा, फोन आला. ऐकता ऐकता ते उभे राहिले आणि तसेच पाण्यापर्यंत चालत गेले. त्यांची सावली सगळ्या डोहावर पडली. मासे दगडांखाली गेले.

"खलास. या महिन्यात घरी जायचं," ते म्हणाले. मग मागे येऊन त्यांनी गळाची दोरी माझ्या हातात दिली.

"भाभी, आता तुम्ही धरा. गप्प बसणं तुम्हालाच जमतं."

भाई आणि हे गाडीकडे गेले. बऱ्याच वेळाने मासे परत आले. भाईंना हाक मारावीशी वाटली, पण मी हलले नाही.