चाचा गेला, ढोल राहिला

लग्नात रुसलेला नवरा तुम्ही पाहिला असेल. घोड्यावरून पडलेलाही एखादा पाहिला असेल. पण स्वतःच्या लग्नात, मांडवाच्या दारात, भर दिवसा सुतक घेऊन आलेला नवरा पाहायचा असेल तर तो हा, तुमच्यासमोर चहा पीत बसलाय. हसू नका, आधी ऐकून घ्या.

तेव्हा मी शिरोलीला एका फौंड्रीत होतो. माझा आतेभाऊ दिनकर जहाजावर इंजिनात कामाला. वर्षा-दोन वर्षांनी कोल्हापुरात यायचा आणि येताना रेकॉर्डी आणायचा. एका खेपेला त्यानं जमैकाच्या गाण्यांची रेकॉर्ड आणली. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, डब.

मी ती लावली आणि पहिल्या मिनिटातच वाटलं, दिनकर फसला. गाणारा दोन शब्द म्हणायचा आणि गायब. मग नुसता ढोल आणि पोटात घुमणारा एक जाड सूर. मध्येच गाणाऱ्याचा अर्धा शब्द यायचा, कुणी विहिरीत तोंड घालून हाक मारावी तसा, ये… ये… ये… आणि परत सामसूम. मी सुई पुसली, तारा ओढून पाहिल्या, प्लेअरला दोन थापडाही दिल्या. शेवटी दिनकरनं माझा हात धरला. म्हणाला, रेकॉर्ड खराब नाही, हे असंच असतं. आधी अख्खं गाणं करतात, मग त्यातनं गाणाऱ्याला उचलून बाहेर काढतात. जे मागं उरतं, तो डब.

आता तुम्ही विचाराल, यात ऐकायचं काय? मीही तेच विचारलं. पण फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं एकदम थांबली ना, की कानात एक ठोका तसाच चालू राहतो. तो मी रोज ऐकायचो आणि कुणाला सांगता यायचं नाही. तोच कुणीतरी पार जमैकात बसून रेकॉर्डीत घातला होता. मी पार पागल झालो.

आणि पागल माणूस एकटा बसत नाही. भेटेल त्याला मी डब ऐकवायला लागलो. माझा एक नियमही होता. नवख्याला एकाच कलाकाराची रेकॉर्ड द्यायची नाही, चार-सहा जणांचे नमुने एकत्र असलेली द्यायची. एक नाही रुचला तर दुसरा रुचेल. दिनकरला सांगून मी अशा आणखी मागवल्या आणि गल्लीभर वाटल्या.

शेजारच्या शिंदेमास्तरांनी दोन्ही बाजू नेटानं ऐकल्या. परत देताना म्हणाले, गाणारा बिचारा दार उघडून आत येतोय आणि दर वेळी त्याला कुणीतरी बाहेर ढकलतंय, बघवत नाही. फौंड्रीतल्या मित्रानं रेकॉर्ड परत करताना विचारलं की गाणं ज्यात हाय ती दुसरी रेकॉर्ड कधी देतोस. आई म्हणायची, तुझं ते लागलं की शेजारीण विचारते, आज काय कांडायला काढलंय?

सगळ्या गल्लीत एकाच माणसाला डब आवडला. उस्मानभाई. आमच्या मागच्या बोळात राहायचे, आजोबांपासनं चालत आलेला त्यांचा बँड. माझं लग्न ठरलं तेव्हा सुपारी त्यांनाच दिली. लहानपणापासनं मला त्यांच्याच बँडमागं पळायची सवय, दुसऱ्या कुणाला कशी देणार?

लग्न तोंडावर आलं आणि उस्मानभाई उतरलेल्या तोंडानं घरी आले. त्यांच्या बँडचा मुख्य क्लॅरिनेटवाला म्हणजे त्यांचाच धाकटा भाऊ. त्याची दाढ काढलेली आणि गाल भाकरीसारखा फुगलेला. आता गाणं उचलायला उरले फक्त हबीबचाचा. एकेकाळी चाचांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली की लोक जेवण सोडून बाहेर यायचे. पण आता वय झालेलं, दम्यानं घेरलेलं. एक ओळ वाजवली की दुसऱ्या ओळीआधी बसावं लागायचं.

उस्मानभाई म्हणाले, "वसंता, तू दुसऱ्या बँडला सुपारी दे. मला राग यायचा न्हाय."

राग यायचा न्हाय म्हणाले, पण डोळे भरलेले. ते बघितलं आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे ह्या विजेनंच केलेत.

मी म्हटलं, उस्मानभाई, एक ओळ वाजवायची आणि थांबायचं, हाच तर डब. चाचांनी एक ओळ घ्यायची आणि गायब व्हायचं. मग ढोल. मग पुन्हा चाचा. दम लागला असं कुणी म्हणणार नाही, कला म्हणतील.

उस्मानभाईंनी खुर्ची प्लेअरजवळ ओढली. मग म्हणाले, परत एकदा लाव ती रेकॉर्ड. आम्ही ती दुपारभर ऐकली. संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्यापुढं एक पाऊल टाकलं होतं. तो विहिरीतला आवाज आणायचा कसा? तर तुकाराम म्हणून एक शिकाऊ क्लॅरिनेटवाला होता, नुसती साथ करणारा, त्याला मिरवणुकीच्या पार मागं ठेवायचा. चाचांनी पुढं ओळ सोडली की तुकारामनं तिचं शेपूट मागनं हळू आवाजात धरायचं. आणि मध्येच उस्मानभाईंनी हात वर केला की सगळ्यांनी एकदम गप्प. ढोलसुद्धा.

त्यांच्या अंगणात तालीम झाली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. चाचा तर इतके खुशीत होते की खोकायचं विसरले.

लग्न होतं हुपरीला. सासरे पैंजण करणारे. त्यांच्या गल्लीत घरोघरी चांदीचं काम, सकाळपासनं हातोड्यांची टिकटिक. लग्नाआधी नवऱ्याला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळात नेतात आणि तिथनं वाजतगाजत मांडवात आणतात. आमच्याकडं त्याला परण्या म्हणतात. देवळापर्यंत सगळं साधंच वाजलं. परत निघालो आणि उस्मानभाईंनी घोड्यावरच्या माझ्याकडं बघून मान हलवली. आता डब.

चाचांनी एक ओळ घेतली. काय घेतली म्हणून सांगू, घोड्यानं कान टवकारले. मग चाचा बाजूला झाले आणि एका घराच्या पायरीवर दम घेत टेकले. त्या घरातल्या बाईनं त्यांना चहा दिला. इकडं ढोल, सावकाश, एक ठोका, मग लांब थांबून दुसरा. आणि पार मागनं तुकारामचा बारीक, लांबवलेला सूर. मग उस्मानभाईंचा हात वर गेला आणि सगळं थांबलं.

आता एक गोष्ट मी विसरलो होतो, जी आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. चालता बँड मध्येच थांबतो, तो कुणाच्या दारात मयत असेल तेव्हाच.

आधी जवळच्या घरातली टिकटिक थांबली. मग पुढच्या. गल्लीतले सगळे हातोडे गप्प झाले. माणसं बाहेर आली, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. त्या शांततेत तुकारामनं मागनं पुन्हा तो सूर काढला आणि एका बाईनं पदर डोळ्याला लावला. मी घोड्यावर बसून हे सगळं बघत होतो आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, कोल्हापूरला नाही कळला, पण हुपरीला डब कळला. लोक माझ्याकडं बघून हात जोडायला लागले. मीही छातीवर हात ठेवून मान लववली.

एवढ्यात सासऱ्यांचे भाऊ, आप्पा, गर्दीतनं वाट काढत घोड्याजवळ आले. चेहरा पडलेला.

"पावणं, काय झालं?"

मी खाली वाकून सांगितलं, "काय न्हाय आप्पा, चाचा गेला."

"वाजवणारा?"

"व्हय. असाच जातो तो, मधनंच. आता नुसता ढोल राहणार."

आप्पांनी घोड्याचा लगाम घट्ट धरला. म्हणाले, "मग आता मिरवणूक कशी न्यायची?"

मी हसून म्हटलं, "न्यायची की. तो गेला म्हणून काय थांबायचं? खरी मजा आता हाय."

आप्पांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. पोरगी कुणाच्या घरात दिली, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं. ते वळले आणि मांडवाकडं धावत सुटले.

पुढचं मला नंतर कळलं. आप्पांनी मांडवात जाऊन सांगितलं की वाजवणारा म्हातारा वाटेत गेला, आणि जावई घोड्यावर बसून हसतोय. आचाऱ्यानं चुलीतली लाकडं मागं ओढली. भटजींनी पंचांग उघडून तोंड त्यातच घातलं. सासऱ्यांनी फेटा काढून खाली ठेवला आणि अनवाणी निघाले, आमच्या दिशेनं.

आम्ही आपले येतोय, एक ठोका, थांब, एक ठोका. समोरनं सासरे येताना दिसले. मी मनात म्हटलं, बघा, सामोरे आले. ते घोड्याजवळ थांबले, म्हणाले, "कुठं ठेवलंय त्यांना?"

"कुणाला?"

"म्हाताऱ्याला."

मी बोट दाखवलं. हबीबचाचा ढोलवाल्याच्या मागनं हळूहळू चालत येत होते. एका हातात क्लॅरिनेट, दुसऱ्या हातात त्या बाईनं दिलेली खारी, चालता चालता खात होते.

सासरे धावत गेले आणि चाचांना मिठीच मारली. खारीचा सगळा चुरा झाला. चाचांना काही कळेना. लोकांनी सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी गेलतो व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाय."

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होता. मेलेला माणूस परत आलाय, त्याचा आनंद केवढा. माझ्यासाठी आणलेला हार सासऱ्यांनी चाचांच्या गळ्यात घातला. मांडवाच्या दारात सासूबाईंनी ओवाळणीचं ताट आणलं आणि आधी चाचांना ओवाळलं. घोडेवालाही ते बघायला पुढं गेला. नवरा मुलगा बाहेर, घोड्यावर, एकटा. खाली उतरायचं कसं हेसुद्धा कुणी सांगेना.

सासऱ्यांनी चाचांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, तुमच्यासाठी काय करू? चाचा म्हणाले, काही नको, बसलोच आहे तर एक पूर्ण वाजवू का? आणि त्यांनी वाजवलं. पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपर्यंत, न थांबता. मध्ये दम लागायच्या जागी सगळ्या मांडवानं श्वास धरला, पण चाचांनी सूर सोडला नाही. उस्मानभाई खांबाला टेकून उभे होते, तोंड दुसरीकडं करून. त्यांचा तो गाल सुजलेला भाऊही कोपऱ्यात डोळे पुसत होता. डब वगैरे सगळं राहिलं बाजूला. मी घोड्यावरनं तेवढं मात्र छान ऐकलं, सगळ्यांच्या वर बसलो होतो ना.

मग कुणाला तरी आठवलं की लग्न बाकी आहे. मला उतरवलं, अक्षता पडल्या. आप्पा तेवढे पंगतीतसुद्धा माझ्याशी बोलले नाहीत.

तुम्ही म्हणाल, संपलं? संपायला पाहिजे होतं.

लग्नानंतर थोडे दिवस गेले. बायको, शालन, घरात रुळली होती. एका रविवारी मी तिला रेकॉर्ड लावून दिली, म्हटलं, ज्याच्यापायी एवढं झालं ते ऐक तरी. तिनं भाजी निवडत सगळी बाजू ऐकली. वाईट नाही म्हणाली. तेवढ्यानं मला धीर आला आणि मी विचारलं, की म्हातारा गेला असं आत कळलं तेव्हा तुला काय वाटलं?

ती म्हणाली, "आत म्हातारा गेला असं न्हाय कळलं. आप्पा बाहेर म्हणाले वाजवणारा गेला. आमच्या बायकांनी भिंतीआडनं ऐकलं, नवरा गेला."

पाटावर बसलेली पोर, हळदीचं अंग, आणि कानावर हे. मला एकदम भरून आलं. म्हटलं, मग गं?

ती म्हणाली, "मला कुणी सांगेना. मावशी रडत रडत ताट घेऊन आली. सांगायच्या आधी पोरीच्या पोटात दोन घास जाऊ देत, म्हणाली. मला सगळं ऐकू आलेलं. पण लग्न लागोस्तोवर नवरीनं खायचं नसतं, म्हणून सकाळपास्नं उपास. आन् तुम्हाला बघितलेलं एकदाच, तेपण मान खाली घालून. काय करू? बसले जेवायला."

"जेवलीस?"

"जेवले की. मसालेभात चांगला झालता."

"आणि रडली नाहीस?"

शालननं भाजी बाजूला ठेवली. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखी म्हणाली, "रडले ना. नुकती जिलबी उचलली होती, तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगितलं, नवरा जिवंत हाय. मावशीनं हातातली जिलबी काढून घेतली आन् ताट उचललं. तवा रडले."