चांदीच्या पुड्या आणि सागाची पानं

माझी सून चांदीच्या कागदात जेवण शिवते. शिवते हाच शब्द बराबर आहे. ओट्यावर फॉइलचा दुहेरी तुकडा पसरायचा, त्यावर अर्धवट उकडलेले बटाटे, वांग्याच्या फोडी, मटार, पनीर, काळा मसाला, मीठ, वर तेलाची धार. मग दोन्ही कडा वर उचलून दोनदा मुडपायच्या, बाजूची तोंडं दाबायची, आणि आत वाफेला बोटभर जागा ठेवायची. जागा ठेवली नाही तर पुडी निखाऱ्यावर फुटते. हे सगळं आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये टाकायचं. शेतावर गेल्यावर फक्त निखाऱ्यावर मांडायचं, दहा मिनिटांनी उलटायचं, आणखी दहा मिनिटांनी ज्याच्या त्याच्या हातात ज्याचं त्याचं ताट. भांडी घासायला नकोत. चमचे तेवढे धुवायचे.

गेल्या तीन हिवाळ्यांपासून आमच्या घरात हा उद्योग सुरू आहे. नातवंडांनी मोबाइलवर कुठंतरी तंबू पाहिले आणि हट्ट धरला. मुलाच्या मित्राचं हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं तलावाच्या काठाला शेत आहे, तिथं आम्ही एक मुक्काम करतो. पोरं त्याला कॅम्पिंग म्हणतात. आमच्या तरुणपणी पिकाच्या राखणीला उघड्यावर झोपण्याला जागल म्हणायचे, आणि जागलीला जायचं म्हटलं की घरातले सगळे पुरुष एकदम आजारी पडायचे.

यंदाच्या खेपेला मात्र सून त्या पुड्या जरा जास्तच जपून शिवत होती. कारण यंदा माझी नणंद येणार होती.

माझी नणंद नरसीला राहते. माळकरी आहे. सुनेला आमच्या घरी येऊन नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत नणंदेनं तिच्या हातचं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. भांडण नव्हतं. आमच्या घरात कोंबडी शिजते, म्हणून ती येताना स्वतःचा डबा घेऊन यायची आणि आमच्याच टेबलावर आमच्या समोर बसून स्वतःची भाकरी खायची. सून दर वेळी नवी भांडी काढायची, वेगळी कढई काढायची, आणि दर वेळी तो डबा उघडला जायचा. त्या डब्याच्या झाकणाचा आवाज झाला की सुनेचा चेहरा कसा व्हायचा, ते मी नऊ वर्षं पाहिलं आहे.

यंदा फोनवर नणंदच म्हणाली, "पोरी, त्या तुझ्या चांदीच्या पुड्यांचं लई ऐकून राहिले. पुडी तर बंदच असती. माझी येगळी ठेवशील तर मी डबा आणत न्हाई."

सुनेनं फोन ठेवला. मग बाजारात जाऊन नवं फॉइल घेऊन आली. जुनं अर्धं शिल्लक होतं तरी.

पोरांसाठी कोंबडीच्या आठ पुड्या आणि भाजीच्या आठ. भाजीच्या तिनं आधी केल्या, ओटा धुऊन, नव्या सुरीनं. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक भाजीच्या पुडीवर देवघरातल्या कुंकवाचं ओलं बोट टेकवलं. कोंबडीच्या वेगळ्या पिशवीत घालून गाठ मारली. सोळाच्या सोळा पुड्या दुरून अगदी सारख्या दिसत होत्या. भाजीच्या तेवढ्या सवाष्ण.

मी खुर्चीत बसून मटार सोलत होते. म्हटलं, "ह्यात नवीन काय हाय? आमी पानग्यांचं असंच करत होतो. कणकेचा गोळा थापायचा, वर-खाली पळसाचं पान, आणि गोवऱ्यांच्या विस्तवात. तुझा कागद, आमचं पान."

"तुम्ही पण आदल्या दिवशी करून ठेवायचे का, आई?"

"एकदा केले होते," मी म्हणाले. "बिघडले. पानं चुकीची आली होती."

"कुणी आणली होती?"

"तुझ्या आत्याबाईनं," मी म्हणाले, आणि मटार सोलत राहिले.

आता वाचणाऱ्यापासून काय लपवायचं? पानं मी आणली होती.

लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. मी हिंगोलीची, दहावी पास, आणि सासरच्या सगळ्या गावाला मिळून जेवढी अक्कल असेल त्याहून थोडी जास्त आपल्याकडे आहे अशी माझी खात्री होती. त्या वेळचा माझा एक फोटो आहे. त्यात मी हनुवटी अशी वर धरली आहे की फोटो काढणारा बहुधा झाडावर बसला असावा. तर श्रावणातल्या शनिवारी मारुतीला पानग्यांचा नवस फेडायचा होता. सासूनं मला सांगितलं, पळसाची पानं तोडून ठेव, सकाळी बाया येतील थापायला. सोबत नणंदेला दिलं. ती तेव्हा बारा वर्षांची.

एक पानगा झाकायला पळसाची दोन-तीन पानं लागतात. वाटेत सागाची झाडं दिसली. एकेक कोवळं पान सुपाएवढं! एका पानात अख्खा पानगा गुंडाळून होईल. माझ्या दहावी पास डोक्यात उजेड पडला.

"वैनी, हे साग हाय. पळस तिकडं हाय," नणंद म्हणाली.

"गप गं. पान ते पान."

तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? मी ठरवलं की पानगे संध्याकाळीच थापून, पानात बांधून, ओल्या फडक्यात ठेवायचे. सकाळी बाया येतील आणि बघतात तर काय, सगळं तयार! आत्ता सून करते ना, अगदी तेच. फक्त मी पन्नास वर्षं आधी, आणि सागाच्या पानात.

सागाच्या कोवळ्या पानाला रंग असतो. बोटांनी चुरगाळलं तरी हात लाल होतात. हे गावातल्या शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही माहीत होतं. सकाळी सासूनं पहिली पुडी सोडली, तर आत पानगा लालभडक. दुसरी सोडली, तीही तशीच. चाळीस पानगे, आणि सगळे असे की जणू खाटकाकडून आणले. देवाच्या नैवेद्याला! जमलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"पानं कोणी आणली?" सासूनं विचारलं.

माझी हनुवटी पहिल्यांदा खाली आली. आणि हात वर गेला. बोट नणंदेकडे होतं.

तिला तिथंच, सगळ्यांसमोर, एक बसली. नवी कणीक मळेपर्यंत, नवे पानगे भाजून नैवेद्य होईपर्यंत तिला काही खायला दिलं नाही. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे एकदा बघितलं. आणि मी काय केलं? मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "बाई, पानं नीट बघून आणायची असतात." त्या पोरीला अजून वाटतं तरी कसं मला वैनी म्हणावंसं, कोण जाणे. त्या दिवशी पाच पानगे खाल्ले मी. भूक चांगली लागली होती.

यंदा जानेवारीत आम्ही निघालो. वाटेत नरसीहून नणंदेला घेतलं. तिच्या हातात फक्त कपड्यांची पिशवी. डबा नाही. सुनेनं ते पाहिलं आणि मागं वळून खिडकीबाहेर बघत बसली, हसू लपवायला.

तलावावर पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. मुलगा आणि नातवंडं तंबू उभा करायला लागली. नणंद तलावाच्या काठी शाल पांघरून बसली. मी चुलीसाठी दगड मांडले, शेजारच्या शेतातून गोवऱ्या आणल्या, निखारे करायला लागले. सुनेनं बर्फाचा डबा उघडला.

आणि उघडलेल्या डब्याकडे बघतच राहिली.

कोंबडीची पिशवी नव्हती. डब्याच्या तळाशी बर्फाचं पाणी, पाण्यात सोळा पुड्या, सगळ्या चांदीच्या, सगळ्या स्वच्छ. पाणी तेवढं गुलाबी. कुंकू उतरलं होतं.

"पिशवीत होत्या ना!" ती म्हणाली.

माझा मुलगा तंबूची दोरी हातात घेऊन आला. "अगं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या बसत नव्हत्या. मग मी पिशवी काढून नीट रचल्या. काहून? काय झालं?"

सुनेनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो परत दोरीकडे गेला. नवरे लोकांना काही वेळा न सांगताच कळतं.

मी सुनेच्या जवळ सरकले. आवाज खाली केला. "बोटानं चाचपून ओळखते मी. वांगं मऊ लागतं, कोंबडी टणक. दोन पुड्या भाजीच्या काढून देते बाईला. कोणाला कळून राहिलं?"

ती डब्याकडेच बघत होती. "सगळ्या एकाच पाण्यात आहेत, आई. एखादी गळली असेल."

"तरी तिला कळणार न्हाई."

"मला कळेल ना." ती उठली. "मी सांगून येते."

मी म्हातारी, हात निखाऱ्यापुढं धरून तिथंच बसले, आणि ती तीस-पस्तीस पावलं चालत काठाकडे गेली. मला वाटतं आयुष्यात मी कधी एवढं लांब अंतर पाहिलं नाही. ती वाकून बोलली. नणंदेनं तिच्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग तलावाकडे. एवढंच म्हणाली, पण वाऱ्यानं माझ्यापर्यंत आलं, "राहू दे. मला एवढी भूक न्हाई. केळ हाय पिशवीत."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. नऊ वर्षांचा तो डबा पुन्हा उघडल्यासारखा झाला. सून तिथून परत आली नाही, पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मग मी उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले. नणंदेच्या शेजारी जाऊन बसले.

"बाई," मी म्हणाले, "त्या पोरीनं खरं सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मी सांगत होते लपव म्हणून."

"तुमी सांगणारच."

"ती सागाची पानं," मी म्हणाले. खोकला काढला. "ती पानं मी तोडली होती. तू सांगत होतीस साग हाय म्हणून. मी तुझ्यावर ढकललं."

सुनेनं मान वळवली. नणंदेनं शाल खांद्यावर ओढली.

"वैनी," ती म्हणाली, "मला वाटलं तुमी सरणावर चढल्याबिगर हे सांगत न्हाई."

"तुला आठवतं अजून?"

"थप्पड मला बसली होती का तुमाला? वरून म्हणल्या, नीट बघून आणायची असतात! बारा वर्षांचं लेकरू मी. दिवसभर उपाशी. आणि तुमी पाच पानगे खाल्ले. मोजले होते मी."

"भूक लागली होती गं."

"व्हय, लागणारच. खोटं बोलायला ताकद लागती." आणि ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडाला लावून. मला मात्र हसू आलं नाही. डोळ्यांना काहीतरी झालं, धुराचं असावं. चूल तीस-पस्तीस पावलांवर होती, तरी.

हसणं थांबल्यावर तिनं सुनेला हाक मारली. "पोरी, इकडं ये. तुझ्याजवळ कोरडी कणीक हाय का?"

"आहे, आत्या. सकाळच्या पराठ्यांसाठी. वेगळ्या पिशवीत. तिला कोणी हात लावला नाही."

"मग मळ. मीठ घाल अन् तेलाचा हात लाव. घट्ट मळ." मग माझ्याकडे वळली. "आन् तुमी उठा. तिकडं बांधावर पळस हाय. पानं आणा."

"मी? माझे गुडघे..."

"तेव्हा आणली होती ना? आता बराबर आणा."

गेले मी. नातवाला बॅटरी धरायला नेलं आणि बांधावरची पानं एकेक करून तोडली. परत आल्यावर नणंदेनं ती मांडीवर घेतली, प्रत्येक पान उलटंसुलटं करून बघितलं, बोटावर घासून बघितलं. "हे साग न्हाई ना?" नातवंडांना काही कळलं नाही, पण ती हसली. सुनेनं थापलेल्या गोळ्यांवर तिनं स्वतः पानं लावली, कशी लावायची ते सुनेला दाखवत. सुनेनं एका बाजूला तिच्यासाठी दुसरे दगड मांडले, दुसऱ्या गोवऱ्या पेटवल्या. आमच्या पुड्या इकडच्या विस्तवावर, पानगे तिकडच्या.

पानं काळी पडली तसा तो वास आला. पन्नास वर्षांपूर्वी तो माझ्या लक्षातच आला नव्हता, कारण मी पाच पानगे गिळण्यात गुंतले होते.

नणंदेनं पहिला पानगा फोडला, पराठ्यांसाठी आणलेल्या तूप-गुळाबरोबर घास घेतला. सून पुढ्यात उकिडवी बसली होती, हात कणकेनं भरलेले.

"मीठ कमी हाय," नणंद म्हणाली.

सुनेनं मान खाली घातली.

"दुसरा दे," नणंद म्हणाली. "आन् तू बस. तुझं जेवण गार होऊन राहिलं."

तिनं तीन खाल्ले. मी मोजले.

सकाळी तंबू गुंडाळायच्या वेळी मला दिसलं की दोघी शेताच्या बांधावर बसल्या आहेत आणि मध्ये चांदीचा कागद पसरला आहे. उरलेले दोन पानगे त्यात ठेवले होते. नणंद कडा मुडपत होती आणि सून तिला सांगत होती, "एकदा नाही आत्या, दोनदा. आणि वर थोडी जागा सोडा."

"काहून? आता ह्याला काय वाफ येणार हाय?"

"नाही येणार. पण सवय लागू द्या."